सोमवारी कम्प्युटर कोण उघडणार

बाई, तुम्ही गेल्यावर चार-पाच वर्षांनी आपल्या शाळेत कम्प्युटर आला. सुरगाण्याहून जीपच्या टपावर बांधून आणला होता आणि खोकं उतरवताना सगळं गाव जमलं होतं. सरपंचांनी नारळ फोडला, कुणाच्या तरी आजीने पडद्याला हळद-कुंकू लावलं, आणि ते कुंकू पुढे वर्षभर एका कोपऱ्यात तसंच राहिलं, कारण पुसायची माझी हिंमत होईना. त्या वेळी मुख्याध्यापक म्हणून तुमच्या खुर्चीवर मीच बसत होते. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, दोन खोल्या, आणि त्यात हे यंत्र. मुलं दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती आणि मी मुलांकडे बघत होते. तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी पदर खोचून त्याच्यासमोर बसला असतात. मी मात्र त्याला कापडी झाकण शिवलं आणि खोलीला कुलूप लावलं.

मला तुमची आठवण त्या कुलपापाशी फार आली. मी गंगापूर रोडवरच्या घरातून उठून त्या डोंगरात नोकरीला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. आठवडाभर आपण दोघी एकाच भाड्याच्या खोलीत राहायचो आणि शनिवारी शाळा सुटली की नाशिकची वाट धरायचो, मी माझ्या घरी आणि तुम्ही शहराबाहेरच्या तुमच्या मळ्यात. सोमवारी येताना तुमच्या पिशवीत मेथीची जुडी, दोन-चार वांगी आणि वर झेंडूची फुलं असायची. फुलं मुलांना, भाजी आपल्याला. मला नागलीची भाकरी थापता येत नव्हती. तुम्ही हसायचात, "अगं, ही भाकरी हाय का नकाशा?" आणि माझ्या हातातला गोळा काढून घ्यायचात.

त्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यातच तुम्ही मला एकदा असं झापलंत की अजून कान गरम होतात. विस्तार अधिकारी गुरुवारी तपासणीला येणार होते. वर्गातला हवामान तक्ता रिकामा होता, म्हणून मी सोमवारीच सगळा आठवडा भरून टाकला. सोमवार ढगाळ, मंगळवार पाऊस, बुधवार पाऊस, गुरुवार ऊन. रंगीत खडूने सूर्यसुद्धा काढला. मला वाटलं, मी शहाणपणा केला. तुम्ही शाळेत एक शब्द बोलला नाहीत. संध्याकाळी स्टोव्हला पिन मारता मारता म्हणालात, "गुरुवारचं ऊन तुला सोमवारीच कळलं? मग त्या द्राक्षवाल्यांना जाऊन सांग की. बिचारे फवारणीला ढगाकडं बघत बसतात. तुझ्या पाया पडतील ते." मी म्हटलं, बाई, सगळेच असं करतात. तुम्ही स्टोव्ह ठेवून दिलात. "सगळे करू देत. पोरं खिडकीतून पाऊस बघतात आणि भिंतीवर तू ऊन लिहितेस. मग उद्या तू सांगितलेलं त्यांनी काय म्हणून खरं मानायचं?" मला रडू आलं. तुम्ही समजूत घातली नाहीत, वाढलंत मात्र रोजच्यापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुपाच्या रिकाम्या सरळ डब्याचं तोंड कापून काढलंत, आत फूटपट्टी उभी केलीत आणि तो शाळेच्या अंगणात दगडांत रोवलात. रोज सकाळी एक मूल जाऊन पाणी किती चढलं ते वाचणार, तक्त्यावर लिहिणार, डबा उपडा करणार. बस्स, एवढंच. त्या पावसाळ्यात मुलं दशांश अपूर्णांक शिकली आणि मी नोकरी शिकले, असं म्हणायला हरकत नाही.

तर तो कम्प्युटर. मला नाशिकला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. तिथे पडद्यावर फार मोठमोठ्या गोष्टी दाखवल्या, आणि मी परतले ती डोकं जड करून. एक मात्र झालं. जेवणाच्या रांगेत सटाण्याकडचे एक शिक्षक भेटले. त्यांच्याही शाळेत असाच एक कम्प्युटर झाकणाखाली बसलेला. मी त्यांना तुमच्या डब्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आपण एक करू. तुमची पोरं तुमचा पाऊस मोजतील, आमची पोरं आमचा. आठवड्यातून एकदा ईमेलने कळवू." एवढं साधं काम आपल्याला झेपेल असं दोघांनाही वाटलं.

शाळेत इंटरनेट नव्हतं. सुरुवातीला मी मुलांचं पत्र फ्लॉपीवर घेऊन शनिवारी गंगापूर रोडच्या सायबर कॅफेत जायची. आजूबाजूला कॉलेजची मुलं गप्पा मारत बसलेली, आणि मी आपली सोमवार चार सेंटीमीटर, मंगळवार सहा सेंटीमीटर पाठवतेय. सोमवारी उत्तर घेऊन शाळेत. पुढे ग्रामपंचायतीत अँटेनावाला फोन आला. त्याला वायर जोडली की कम्प्युटरवर इंटरनेट चालायचं, म्हणजे रांगायचं. सोमवारी सकाळी वीज असायची, म्हणून तोच वार ठरला. ग्रामपंचायतीचे शिपाईदादा तो फोन तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून आणायचे आणि खिडकीत ठेवायचे, कारण रेंज तिथेच. मग पान उघडायचं, वरून खाली, एकेक बोट. पंचवीस मुलं श्वास रोखून बघायची. आणि अक्षरं आली की जो आवाज व्हायचा, बाई, तो मला लिहून दाखवता येणार नाही. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षं शिकवत होते आणि मूल वाचायला एवढं आसुसलेलं असतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पहिलंच पत्र जुलैतलं. मराठी टाइप करायची सोय नव्हती, त्यामुळे दोन्हीकडची मुलं इंग्रजी अक्षरांत आपापलं बोलणं लिहायची आणि आम्ही ते मोठ्याने वाचायचो. सटाण्याच्या मुलांनी त्यांच्या अहिराणीत लिहिलं होतं: "आमनाकडे पानी पडना नई. डबामा काहीच नई शे. तुमनाकडे कितला पडना?" आपल्या डब्यात त्या सकाळी नऊ सेंटीमीटर पाणी निघालं होतं. मुलं खिडकीतून डब्याकडे बघायला लागली. एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात कुठे पाऊसच नाही, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी मागून एक मुलगा म्हणाला, "त्यांचे गुरुजीनी डबा घरात ठेवला असंल." सगळे हसले, पण मला तुमची नजर आठवली आणि मी घाईने म्हटलं, नाही रे, ते खोटं लिहिणार नाहीत. मग नकाशा काढला, डोंगर दाखवला, ढग कुठे अडतो ते दाखवलं. तो धडा पुस्तकात होता. मी तो आधी निदान आठ वेळा शिकवला असेन. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा समजला.

ऑगस्टात एका सोमवारी पत्र आलं: "आज आमना डबामा दोन बोट पानी शे." आपली मुलं, ज्यांच्या घराच्या भिंती चार महिने ओल सोडत नाहीत, ती मुलं बाकावर चढून नाचली. सटाण्यात पाऊस पडला म्हणून! मी त्यांना खाली उतरवलं नाही.

आता एक खासगी गोष्ट. ईमेलला पासवर्ड लागतो. म्हणजे कुलपाचा शब्द, तो टाइप केल्याशिवाय टपाल उघडत नाही. मी तुमचं नाव ठेवलं. शाळेत तुम्हाला सगळे बाईच म्हणायचे, नावाने हाक मारणारं तिथे कुणी नव्हतं, त्यामुळे मुलांना तो शब्द कुणाचा हे ठाऊक नव्हतं. दर सोमवारी एकाचा नंबर यायचा. ज्याचा नंबर त्याने पत्ता टाइप करायचा, पासवर्ड टाइप करायचा, पत्र उघडून वाचायचं. अक्षरं पाठ व्हावीत म्हणून आम्ही ती टाळ्यांवर म्हणायचो. एकेका अक्षराला एकेक टाळी. पहिलीतली पोरंसुद्धा म्हणायची. तुम्ही ऐकलं असतंत तर लाजून आत गेला असतात.

ह्यात चौथीची एक मुलगी होती. तिचं नाव लिहीत नाही. लहान चणीची, बोलायला कमी, पण त्या यंत्रापाशी आली की बोटं अशी चालायची जशी भात लावणाऱ्या बाईची चालतात, न बघता. दुसऱ्यांच्या नंबरालाही ती शेजारी उभी राहून हळूच अक्षर दाखवायची. तिला पुढे पाचवीला आश्रमशाळेत घालायचं माझ्या मनात होतं. चौथी पास झाली तर तिथे राहायची, खायची, शिकायची सोय होती. नाही झाली तर तिची शाळा संपली, हे तिलाही कळत होतं.

भात कापून झालं, दिवाळी झाली, आणि नेहमीसारख्या जीपा लागल्या. निफाडकडच्या द्राक्षबागांत कामाला निम्मा गाव निघाला. काही मुलं आजी-आजोबांपाशी राहिली. हिला आजी नव्हती. मी जीपपर्यंत गेले, तिच्या बापाला म्हटलं, हिला ठेवून जा, मी बघते. तो वाईट माणूस नव्हता. मान खाली घालून म्हणाला, "बाई, नाय नेली तं बारक्याला कोन धरील? आम्ही दोघां बागत." बारका, तिचा धाकटा भाऊ, तिच्या कडेवरच होता. ती मला म्हणाली, "बाई, सोमवारी कोन उघडंल?" पुढच्या सोमवारी तिचा नंबर होता. मी म्हटलं, उघडेल कुणीतरी, तू लवकर ये. जीप गेली.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत, मला माहीत होतं. दर हिवाळ्यात तुम्ही रविवारी घरची कामं टाकून बागा पालथ्या घालायचात. एकदा मलाही नेलंत. पाटाच्या चिखलात माझी चप्पल रुतली तेव्हा म्हणालात, "राहू दे ती, पोरं पुढं हायेत." बांधावर उभं राहून तुम्ही नावं घेऊन हाका मारायचात, आणि वेलींच्या मांडवाखालून एकेक डोकं बाहेर यायचं. मालकाशी भांडून, जवळच्या शाळेतल्या गुरुजींच्या हातापाया पडून तुम्ही त्यांना तिथे बसवायचात. मी तेव्हा मनात म्हणायची, ह्या बाईंना दुसरा उद्योग नाही.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. तिची काही खबर नव्हती. माझी मुलगी तेव्हा दहावीला होती, नवऱ्याची बदली व्हायची होती, रविवार घरात कसा जायचा कळत नव्हतं. जानेवारीतला एक सोमवार. थंडी मरणाची. एका मुलाने टाळ्यांच्या तालात पासवर्ड टाइप केला, पान रांगत रांगत उघडलं, आणि वर एक नवीन पत्र. पाठवणाऱ्याच्या जागी आपल्याच शाळेचा पत्ता. आपल्याकडून आपल्यालाच. मी घाबरले. वाटलं, कुणीतरी कुलूप फोडून आत शिरलं. मुलाने उघडलं आणि वाचलं:

"हजर बाई. इथं पाऊस शून्य. माझा नंबर राहिला होता."

मुलांना क्षणही लागला नाही. "बाई, ती आहा! ती!" पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. एकीने पडद्याच्या मागे जाऊन बघितलं. मी टेबलापाशीच उभी राहिले.

पुढच्या सोमवारी तिकडच्या शाळेतल्या गुरुजींचं पत्र आलं तेव्हा सगळा उलगडा झाला. त्यांच्या शाळेत दुरुस्तीला माणूस आला होता, कम्प्युटर व्हरांड्यात काढून ठेवला होता. बागेतून पाणी भरायला जाताना हिने तो पाहिला. भावाला कडेवर घेऊन ती सरळ आत गेली आणि त्या अनोळखी गुरुजींना म्हणाली, "माझी शाळा ह्याचेत आहा. उघडून दे." त्यांनी लिहिलं होतं, मी आधी हसलो. विचारलं, कुठली शाळा? तर म्हणे, सुरगाण्याकडची. मी म्हटलं, बाळ, ती शाळा लांब राहिली. ती म्हणाली, "नाय. तू जोड, मी उघडते." त्यांच्याकडे फोनची लाइन होती. त्यांनी जोडून दिलं. तिने भावाला खाली बसवलं, पत्ता टाइप केला, मग तोंडाने पुटपुटत, मांडीवर एकेक टाळी देत, तुमचं नाव टाइप केलं. आणि उघडलं. आपल्या मुलांनी सटाण्याला लिहिलेली पत्रं, सटाण्याची उत्तरं, सगळं तिच्यासमोर आलं. गुरुजी म्हणतात, ती ते सगळं वाचेपर्यंत हलली नाही, भाऊ रडला तरी नाही.

बाई, मी ह्या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. नऊ वर्षांची मुलगी. तिची शाळा सुटली, गाव सुटलं, आणि तिला वाटलंच नाही की सुटलं. आपली शाळा अशा कुठल्याही पेटीतून उघडते, फक्त शब्द माहीत पाहिजे, हे तिला आमच्या प्रशिक्षणातल्या साहेबांच्या आधी कळलं होतं. आणि तो शब्द म्हणजे तुम्ही. तुम्ही जाऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. निवृत्तीनंतरचं वर्षही पुरं न जगता, ताप अंगावर काढून गेलेल्या तुम्ही. त्या द्राक्षबागांच्या गावात, जिथे तुम्ही हाका मारत फिरायचात, तिथे एका मुलीने तुम्हाला बोटांनी हाक मारली. मला देवळात गेल्यावरही असं कधी वाटलेलं नाही.

गुरुजी भले निघाले. त्यांनी तिला आपल्या चौथीत बसवलं, बारक्याला बालवाडीत. दर सोमवारी आपल्याकडे तिचं पत्र यायचं. मी हजेरी घेताना तिचं नाव पुकारायची आणि मुलं पडद्याकडे बघून गप्प बसायची. अक्षरं उमटली की सगळी मिळून ओरडायची, हजर बाई! एप्रिलात ती परीक्षेला परत आली, बाप बाहेर झाडाखाली बसून राहिला. ती पास झाली आणि जूनमध्ये आश्रमशाळेत गेली.

आज हे लिहायचं कारण सांगते. उद्या नाशिकला नव्या शिक्षकांसमोर मला बोलायचं आहे. विषय त्यांनीच ठरवलाय, प्राथमिक वर्गात ऑनलाइन साधनांचा सोपा वापर. तुम्ही म्हणाला असतात, "सोपा हाय तर भाषण कशाला?" पण मी बोलते, बाई, गेली कित्येक वर्षं बोलते. डब्याचं सांगते, सटाण्याचं सांगते. म्हणते, महाग काही लागत नाही, एक खरं मोजमाप लागतं आणि पलीकडे वाट बघणारं कुणीतरी. आणि शेवटी त्या मुलीची गोष्ट सांगते. त्या गोष्टीने मला नाव मिळालं. जिल्ह्यात लोक म्हणतात, ह्या बाईंनी इंटरनेटवरून बागेतली मुलगी शोधून काढली.

मी तिला शोधलं नव्हतं. माझं घर गंगापूर रोडला, त्या बागा तासाभराच्या वाटेवर, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच्या एकाही रविवारी मी गेले नाही. आणि तो जानेवारीतला सोमवार. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी हजेरीपटावर तिच्या नावावरून लाल रेघ मारली होती. शेरा लिहिला होता: स्थलांतरित, नाव कमी केले. पडद्यावर "हजर बाई" आलं तेव्हा पट माझ्यासमोर टेबलावर उघडा होता. पोरं नाचत होती आणि मी तो हळूच मिटला, कुणाला दिसू नये म्हणून. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिचं नाव पटाच्या शेवटी नव्याने लिहिलं. तिला ते कधी कळलं नाही. कुणालाच नाही.

उद्याही मी हे सांगणार नाही, बाई. गोष्ट संपली की ती नवी पोरं टाळ्या वाजवतील, आणि मी वाजवू देईन.